वारा अडवतो, तिथे किल्ला

(पडद्यावर: कारवारसमोरचं अंजदीव बेट)

हे अंजदीव, गोव्याच्या हद्दीतलं छोटंसं बेट. सप्टेंबर १४९८मध्ये वास्को द गामाने इथे जहाजं लावली. ती कलती करून तळ खरवडला, फटी बुजवल्या, पिंपांत गोडं पाणी भरलं आणि ५ ऑक्टोबरला आफ्रिकेकडे शिडं सोडली. तयारीत कसूर नव्हती. चुकली ती तारीख.

एप्रिल-मेमध्ये पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदी बंदराहून येताना हाच समुद्र त्याने २३ दिवसांत ओलांडला होता. तेव्हा मालिंदीच्या सुलतानाने दिलेला वाटाड्या बरोबर होता. काही पोर्तुगीज बखरकार त्याला गुजराती म्हणतात. नैऋत्येचा वारा कधी उठतो आणि पावसाची तुफानं येण्याआधी मलबार कसा गाठायचा, हे त्याला पाठ होतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मात्र नैऋत्येचा वारा पडलेला असतो आणि ईशान्येचा अजून धरलेला नसतो. जहाजं नेमकी या मधल्या काळात सापडली. कधी पान हलत नव्हतं, कधी वारा तोंडावर येत होता. २३ दिवसांच्या वाटेला जवळजवळ तीन महिने लागले. ताजी फळं-भाजी न मिळाल्याने होणाऱ्या स्कर्व्ही रोगाने हिरड्या सुजून दातांवर चढल्या, हातपाय सुजले, तीस माणसं दगावली. एकेका जहाजावर धडधाकट उरले सात-आठ. मालिंदीला संत्री मिळाली, पण शिडं ओढायला हात पुरेनात, म्हणून मोंबासाजवळ ‘साव राफाएल’ जहाज जाळून टाकावं लागलं.

(पडद्यावर: नकाशा, लिस्बन ते गोवा)

पुढे पोर्तुगिजांनी सगळं वेळापत्रकच वाऱ्यावर बसवलं. लिस्बन मार्च-एप्रिलमध्ये सोडायचं. गिनीच्या किनाऱ्याला चिकटायचं नाही, तिथे वारा मरतो. ब्राझीलच्या अंगाने मोठा वळसा घ्यायचा, दक्षिणेकडचे पश्चिमी वारे धरायचे आणि जुलैच्या सुमारास केप ऑफ गुड होप ओलांडायचं. मग मोझांबिकची सामुद्रधुनी आणि सप्टेंबरात गोवा. त्याआधी येऊन उपयोग नसे, कारण पावसाळ्यात मांडवीच्या मुखावर लाटा फुटतात आणि वाळूचा दांडा वाट अडवतो. कोकणातले कोळी नारळी पौर्णिमेआधी होड्या लोटत नाहीत, तोच हा हिशेब. परतीला डिसेंबर-जानेवारीत निघायचं. सगळी फेरी दीड वर्षाची.

लिस्बनला पैसा किंवा खलाशी जमायला उशीर झाला, की ही साखळी तुटे. जहाज पूर्व आफ्रिकेला पोहोचेपर्यंत वारा उलटलेला असे आणि कित्येक महिने मोझांबिक बेटावर अडकून पडावं लागे. जेमतेम तीन किलोमीटर लांबीचं, झरा नसलेलं बेट. प्यायला हौदात साठवलेलं पावसाचं पाणी, त्यात हिवताप. इथेच १५५८पासून साव सेबास्तियावचा किल्ला उभा राहिला, रुग्णालय चाललं. पूर्व आफ्रिकेतली पोर्तुगीज सत्ता समजून घ्यायची, तर सोन्याच्या व्यापाराआधी हा सक्तीचा मुक्काम पाहावा, असं आम्हाला वाटतं. डचांनी १६०७ आणि १६०८मध्ये हा किल्ला वेढला. तो पडला नाही.

(पडद्यावर: दक्षिण हिंदी महासागर)

डचांच्या हेंद्रिक ब्रॉवरने १६११मध्ये निराळी वाट काढली. केपनंतर उत्तरेला न वळता पश्चिमी वाऱ्यावर थेट पूर्वेला जायचं आणि मग वर जावाकडे. प्रवास जवळजवळ निम्म्यावर आला. पण वळायचं नेमकं कुठे? समुद्रात रेखांश मोजण्याचं खात्रीचं साधन नव्हतं. वळायला उशीर झाला की समोर ऑस्ट्रेलियाचे खडक. १६२९मध्ये ‘बटाविया’ हे डच जहाज तिथेच फुटलं.

या वाटेवर पाणी, भाजी आणि मांस घ्यायला सोयीची जागा म्हणजे केप. १६५२मध्ये यान फान रिबेकने तिथे डच ईस्ट इंडिया कंपनीसाठी भाजीमळा घातला. पाच वर्षांत कंपनीने नोकरीतून मोकळ्या केलेल्या माणसांना लीसबीक नदीकाठी शेतजमिनी दिल्या. तिथे मूळच्या रहिवासी खोईखोई लोकांची गुरं चरत होती. १६५९मध्ये लढाई जुंपली. १६६०मध्ये हद्दीवर रानबदामाचं दाट कुंपण लावायला घेतलं. त्यातली काही झाडं केपटाउनच्या कर्स्टनबॉश उद्यानात आजही उभी आहेत.