उपटसुंभ व्याख्यान

(वाचनालय कार्यकर्त्यांच्या मेळाव्यातील भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. माझा परिचय आत्ता झाला. मी जन्मलो कुठे, शिकलो कुठे, निवृत्त कुठून झालो, सगळं आलं त्यात. मी घड्याळ लावून बघत होतो, अकरा मिनिटं. तेवढ्यात माझी पत्रिका जुळवून झाली असती. परिचय करून देणारे आपले स्नेहीच आहेत, ते रागावणार नाहीत. रागावले तरी आभारप्रदर्शन त्यांच्याकडेच आहे, तिथे वसूल करतील.

विषय दिलाय 'आठ दिवसांत व्याख्यान कसं उभं करावं'. हल्ली याला पॉप-अप म्हणतात. मी आपला उपटसुंभ व्याख्यान म्हणतो. न बोलावता उगवतं आणि एका संध्याकाळपुरतं ठाण मांडून बसतं. ते कसं करायचं ते सांगतोच, पण आधी थोडं रडून घेऊ द्या.

गेल्या एप्रिलमध्ये एका गावी गेलो होतो. नाव घेत नाही, तिथले दोघे इथे बसलेत. वेळ सहाची. साडेसहाला समई लावायला घेतली, तर पंख्यानं वात विझायची. म्हणून पंखा बंद केला. समई लागली, पंखा मात्र कार्यक्रम संपेपर्यंत पुन्हा कुणी लावला नाही. मग स्वागतगीत. मग देणगीदारांचे सत्कार. मग ज्यांचे सत्कार राहिले त्यांचे सत्कार. मी बोलायला उभा राहिलो तेव्हा सात चाळीस झाले होते आणि पहिल्या रांगेतले आजोबा शेजाऱ्याला विचारत होते, "हे आभाराचेच ना?" माझ्या घरी तेवीस शाली आहेत. बायको म्हणते, आता एखादी उशी तरी द्यायला सांगा.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेनं 1825 साली शुक्रवारची व्याख्यानं सुरू केली. तिथला रिवाज ऐका. ठोका पडला की वक्ता आत येतो आणि थेट विषयाला हात घालतो. परिचय नाही, 'सभागृहातील रसिकहो' नाही. तासाच्या ठोक्याला बंद. वक्त्याला आधी थोडा वेळ खोलीत कोंडून ठेवायचीही पद्धत. कारण म्हणे एक वक्ता ऐन वेळी पळाला आणि फॅरेडेला स्वतः उभं राहावं लागलं. खरंखोटं फॅरेडे जाणे. आपल्याकडे वक्ता पळत नाही, श्रोता पळतो, म्हणून अल्पोपाहार शेवटी ठेवतात.

आणि आपल्याला हे नवीन आहे असंही नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 साली. हौस जुनीच आहे, फक्त मधल्या काळात तिच्यावर शाली फार चढल्या.

आता माझ्या आवडत्या गोष्टीकडे येतो. ज्वारीवर व्याख्यान ठरलं होतं. वक्ते शेती महाविद्यालयातून निवृत्त झालेले माझे शेजारी. सोमवारचा हॉल ठरलेला, आणि शनिवारी रात्री फोन आला, "साहेब, साखरपुडा आलाय." साखरपुड्यापुढे ज्वारी काय टिकणार! मी कपाळाला हात लावून दळण आणायला गेलो तर गिरणीवाला म्हणाला, "सोमवारी गिरणी बंदच असते. या की इथं."

गेलो. वायरींवर, पट्ट्यावर, गणपतीच्या फोटोवर पिठाचा पांढरा थर. मंडपवाल्याकडून तीस खुर्च्या आणल्या, त्यातल्या अठराच आत मावल्या. बाकीची माणसं पायरीवर. वक्त्यांनी मूठभर मालदांडी तळहातावर घेतली आणि सुरुवातच केली, "ही सोलापूरकडची, रब्बीची." परिचय नाही. कुणी करणार होतं, पण त्याला जागाच मिळाली नाही. मध्येच गिरणीवाल्यानं दगडाला टाकी कशी लावतात ते दाखवलं. ते तर कार्यक्रमपत्रिकेत नव्हतंच. कार्यक्रमपत्रिकाही नव्हती म्हणा.

अर्ध्या उघड्या शटरखालून एक मावशी डबा घेऊन वाकून आत आल्या.

"दळण मिळेल का?"

"आज बंद, मावशी. व्याख्यान आहे."

"मग बसते."

डबा बाजूला ठेवला, पायरीवर बसल्या. ज्वारीत गव्हासारखा चिकटा नसतो, म्हणून आधणाच्या पाण्यात पीठ मळायचं, उष्णतेनं पिठातला स्टार्च चिकट होतो, एवढं सांगून झाल्यावर मावशींनी हात वर केला. "ते ठाऊक आहे. पण पीठ जुनं झालं की विरी जाते, थापताना भाकरी चिरते. ती विरी जाते कुठं?" आमचे शेजारी तीस वर्षं शिकवलेले. म्हणाले, "मावशी, नीट वाचून येतो." पुढच्या सोमवारी तिथेच दुसरं व्याख्यान झालं, याच एका प्रश्नावर. मावशी येताना दोन जावा घेऊन आल्या. हॉलमध्ये, माईकसमोर, हा प्रश्न त्यांनी विचारला असता का? माझं म्हणणं एवढंच आहे. विषय जिथे राहतो तिथे जा. विहिरींवर बोलायचं तर बारवेवर, वजनमापांवर बोलायचं तर मंडईत. तिथे ज्याला खरं माहीत आहे तो आधीच…

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे.' खाली दोन रेघा. बरं, पटापट.

जागा आधी, वक्ता नंतर. मालकाशी समोर जाऊन बोला, फोनवर माणूस हो म्हणतो आणि विसरतो. लग्नतिथी आणि क्रिकेटची मॅच बघून दिवस धरा. निरोप दोनदाच पाठवा: आठ दिवस आधी आणि त्या दिवशी सकाळी. 'सस्नेह निमंत्रण' नको. विषय, जागा, वेळ, आणि चपला कुठे काढायच्या. पन्नास माणसांना स्पीकर लागत नाही. उघड्यावर लावायचाच असेल तर लेखी परवानगी काढा, रात्री दहानंतर चालत नाही, हा नियम 2000 सालापासून आहे आणि शेजाऱ्यांना तो पाठ असतो.

खुर्च्या कमीच मागवा. उभी माणसं दिसली की रस्त्यावरचा थांबतो, रिकाम्या खुर्च्या दिसल्या की पुढे जातो. वक्त्याला पस्तीस मिनिटं, प्रश्नांनाही तेवढीच. प्रश्न आधी बायकांना विचारू द्या, नाहीतर प्रश्नाच्या नावाखाली निवृत्त माणसं भाषण करतात. मी करतो. चहा मध्ये नको, कपांचा आवाज होतो. खर्च? आमचा खुर्च्यांचे तीनशे, चहाचे चारशे. गिरणीतलाच डबा फिरवला, सगळं निघालं, नोटा मात्र झटकून घ्याव्या लागल्या. वक्त्याला मानधन नसेल तर निदान रिक्षा तरी…

दुसरी चिठ्ठी. हो, हो, बसतो. शाल आणलीच असेल तर ती त्या आजोबांना द्या, पंख्याखाली बसलेत.