उजवा हात, उजवा विचार

(ठाण्यात नौपाड्यातील एका सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो, पत्रिकेवर ‘जन्मजात स्वभाव आणि समाजाने घडवलेला विचार’ असा विषय छापला आहे आणि त्यावर मी बोलणारच आहे. पण सुरुवात हातापासून करतो, कारण हा वाद मी प्रथम माझ्या डाव्या हातावर अनुभवला.

मी डावखुरा. साठच्या दशकात इथल्याच एका शाळेत पहिलीत बसलो, तेव्हा पाटीवरची पेन्सिल आपसूक डाव्या हातात येई आणि गुरुजींची फुटपट्टी त्याच हाताच्या पेरांवर पडे. दिवाळीनंतर त्यांनी आईला बोलावून घरीही लक्ष ठेवायला सांगितले, आणि जिने मला कधी चापटही मारली नव्हती ती माझी आई रोज संध्याकाळी माझ्या डाव्या मनगटाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधून मला अभ्यासाला बसवू लागली. चारचौघांत मुलाला कोणी हसू नये, एवढीच तिची इच्छा होती. समाजाचे पुष्कळसे काम असे मायेच्या हातून होते, म्हणून त्याचा राग धरणेही अवघड जाते. गुरुजींच्या फुटपट्टीचा राग मात्र मी आजवर सोडलेला नाही. चौथीपर्यंत मी उजव्या हाताने लिहू लागलो. पण अंधारात काडी ओढायची झाली, तर आजही डावाच हात पुढे होतो.

हा कल किती खोल असतो, याचा एक अभ्यास सांगतो. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील पीटर हेपर आणि सहकाऱ्यांनी, गर्भात असताना कोणत्या हाताचा अंगठा चोखत होती याची नोंद असलेली ७५ मुले पुढे दहा-बारा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, आणि ते निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. उजवा अंगठा चोखणारी साठही मुले उजव्या हाताची निघाली. डावा चोखणाऱ्या पंधरांपैकी दहा डावखुरी राहिली, पाच उजवी झाली. ती पाच कोणी वळवली की आपोआप वळली, हे आकड्यांवरून कळत नाही, पण शाळेची पायरी चढण्यापूर्वीच पुष्कळ काही ठरलेले असते, हे नक्की.

हात जन्माने मिळतो. हाताविषयीचे मत मात्र आपल्याला भाषेतून पाजले जाते. आपण एखाद्याला ‘डावलतो’, पंगतीत ‘डावे-उजवे’ करतो, सरस ठरणाऱ्याला ‘उजवा’ म्हणतो. ताटातसुद्धा मीठ, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे. चवीने खाणारा माणूस डाव्या बाजूवर जीव टाकतो, तरी मान भाजीचाच. हे शब्द मुलाच्या कानावर पडत राहतात, तेव्हा कोणी त्याला मुद्दाम काही शिकवत नसते.

मागच्या श्रावणात कौपिनेश्वराच्या देवळात माझ्या नातीने तीर्थासाठी डावा हात पुढे केला, आणि तिच्या आईच्या आधी माझ्याच तोंडून निघाले, ‘तो नव्हे बाळ, उजवा!’ ते शब्द डोळ्याची पापणी लवावी तितक्या सहज आले. ज्या फुटपट्टीचा राग मी साठ वर्षे जपला, ती माझ्याच जिभेवर येऊन बसली होती. नातीने हात मागे घेतला, दोन्ही हातांकडे आळीपाळीने पाहिले आणि तीर्थ न घेताच ती बाजूला झाली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

अध्यक्षांची पाच मिनिटांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्दा थोडक्यात मांडतो. एखादी गोष्ट ‘आतून’ आली, म्हणजे ती जन्मजातच असली पाहिजे, असे आपण धरून चालतो. माझा अनुभव याच्या उलट आहे: माझ्या आतून सर्वांत वेगाने जे आले, ते बाहेरून घातलेले होते. म्हणून ‘मुलींचा स्वभावच तसा’, ‘अमक्यांच्या रक्तातच ते असते’ असे कोणी म्हणाले, की मी एवढेच विचारतो, की ते टिकवण्यासाठी किती फुटपट्ट्या आणि किती चिंध्या लागतात? जे खरोखर उपजत आहे, त्याला पहारेकरी कशाला हवेत?

याचा अर्थ माणूस म्हणजे कोरी पाटी, असाही नाही. सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्या हाताने करायचा आणि लिहितो डाव्या हाताने. गांधीजींनी १९०९ साली बोटीवर ‘हिंद स्वराज’ लिहिताना उजवा हात दमल्यावर काही पाने डाव्या हाताने लिहिली. हात शिकतो, दोन्ही हात शिकतात. पण गांधीजींनी हात स्वतः बदलला, आणि माझा बदलवला गेला. जन्मजात काय आणि संस्कार काय हे तपासताना हा फरक हिशेबात धरावाच लागतो, आणि तो धरला जात नाही, ही माझी तक्रार आहे.

सभागृहात शिक्षक बसले आहेत, त्यांना एक विनंती करून थांबतो. वर्गात डावखुरे मूल असेल, तर त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा; म्हणजे लिहिताना त्याचे कोपर शेजाऱ्याच्या कोपराला लागत नाही.