रविवारची हजेरी आणि सोमवारचा कप

अध्यक्ष, पाळकसाहेब आणि बंधुभगिनींनो,

'मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या समुदायाच्या) जीवनात लहान गटांचे महत्त्व' हा विषय मला देण्यात आला आहे. कोल्हापुरात 'गट' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे साखर कारखान्याची नाहीतर दूध संघाची निवडणूक उभी राहते, याची मला कल्पना आहे. मंडळीच्या निवडणुकाही त्यातून पुरत्या सुटलेल्या नाहीत. पण तो विषय आज नको. मी ज्या गटाबद्दल बोलणार आहे तो आठ-दहा माणसांचा, आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमणारा, बायबलचे वचन वाचून एकमेकांसाठी प्रार्थना करणारा गट आहे. जुनी माणसे त्याला 'कॉटेज मीटिंग' म्हणत आणि आजची मुले 'सेल' म्हणतात. या गटात बायबलचा अभ्यास होतो, भजने पाठ होतात, नव्या माणसाला मोठ्याने प्रार्थना करण्याचे धैर्य येते, हे सगळे खरे आहे. तरीही माझ्या मते त्याचे खरे मोल वेगळेच आहे, आणि ते असे की तिथे माणूस नसला तर ते कळते.

आमच्या गटातला एक प्रसंग, संबंधितांच्या परवानगीने, नाव न घेता सांगतो. आमच्यातले एक गृहस्थ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे करणारे, होते. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते वेळेवर चर्चला येत, दानार्पणाची पिशवी फिरवत, आणि उपासना संपल्यावर दाराशी उभे राहून सगळ्यांशी हस्तांदोलन करत. "सगळं ठीक ना?" असे मी विचारी आणि "प्रभूची कृपा," असे ते म्हणत. पुढे लागोपाठ दोन सोमवार ते गटाला आले नाहीत. अकरा माणसांसाठी ओतलेल्या चहातला एक कप ट्रेमध्ये तसाच उरला, आणि तो उरलेला कप आमच्यातल्या एका सेवानिवृत्त सिस्टरांना, म्हणजे नर्सबाईंना, खटकला. सिस्टर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या गृहस्थांच्या घरी गेल्या. "ओव्हरटाइम चालू आहे," असे घरातल्यांनी सांगितले. इतक्यात ते गृहस्थ डबा हातात घेऊन आत आले, आणि सिस्टरांचे लक्ष त्यांच्या बोटांकडे गेले. मोल्डरच्या नखांतली काळी वाळू रॉकेलने घासली तरी पूर्ण जात नाही. यांची नखे मात्र स्वच्छ होती.

चार महिन्यांपूर्वीच त्यांना कामावरून कमी केले होते. घरी सांगण्याची हिंमत न झाल्यामुळे ते रोज सकाळी सातला डबा घेऊन निघत, रंकाळा तलावाच्या कट्ट्यावर बसत, दुपारी तिथेच जेवत आणि पाचच्या सुमारास घरी परतत. सिस्टरांनी त्या संध्याकाळी काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रंकाळ्यावर जाऊन त्यांच्या शेजारी बसल्या, एवढेच. पुढच्या पंधरा दिवसांत घरात किराणा पडला, मुलीची फी भरली गेली, आणि उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये, आधीपेक्षा कमी पगारावर का होईना, काम मिळाले. यात चमत्कार काही नव्हता. मला टोचते ती गोष्ट निराळी आहे. त्या चार महिन्यांत, कमीत कमी पंधरा रविवार, तोच हात मी हातात घेतला होता, आणि मला त्याची नखे दिसली नव्हती.

यावर कुणी म्हणेल की घरभेटी हे पाळकांचे काम आहे. तर मग हिशेबच करू. एका पाळकाकडे दोनशे कुटुंबे असली आणि त्याने आठवड्यातले पाच दिवस रोज दोन घरे गाठली, तर सगळ्यांकडे एकदा जाऊन यायला वीस आठवडे, म्हणजे जवळजवळ पाच महिने लागतात. त्यात लग्ने, अंत्यविधी, मिटिंगा आणि डायोसिसची, म्हणजे धर्मप्रांताच्या कचेरीची, पत्रे धरलेलीच नाहीत. रंकाळ्यावरचे ते चार महिने पाळकांच्या अशा दोन भेटींच्या मधे सहज मावले असते. मोशेची हीच अडचण बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे खटले ऐकत बसलेल्या जावयाला इथ्रोने पाहिले आणि बजावले की तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील, म्हणून हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेम. सासऱ्याचा सल्ला जावयाने मुकाट्याने मानल्याचे हे दुर्मिळ उदाहरण म्हणावे लागेल.

चर्चच्या इतिहासात या विषयावरचा मला सर्वांत आवडणारा प्रसंग इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातला आहे, आणि तो प्रार्थनेने नव्हे, कर्जाने सुरू होतो. मेथडिस्ट चळवळीचे जनक जॉन वेस्ली यांच्या अनुयायांनी तिथे १७३९ साली सभागृह बांधायला घेतले, आणि त्याचे देणे फिटेना. फेब्रुवारी १७४२ मध्ये ते कसे फेडावे याचा विचार चालू असताना एका सभासदाने सुचवले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. बऱ्याच जणांना तेवढीही परवडणार नाही, अशी हरकत निघाली. तेव्हा तोच म्हणाला की सर्वांत गरीब अशी अकरा माणसे माझ्याकडे लावून द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, आणि ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरीन. अशा रीतीने बाराबारांचे वर्ग पडले आणि प्रत्येक वर्गाला एक प्रमुख मिळाला. आपल्याकडच्या भिशीसारखाच हा मामला. परंतु वसुलीसाठी घरोघर जाणारे प्रमुख पैशांबरोबर बातम्याही आणू लागले: अमुक घरात भांडण आहे, तमुक माणूस पुन्हा दारूकडे वळला आहे. आपण इतके दिवस जे शोधत होतो ते हेच, हे वेस्लींच्या तत्काळ ध्यानात आले. पुढे दारोदार फिरण्याऐवजी वर्गातल्या सगळ्यांनी एकत्र जमावे असे ठरले, कारण घरोघर जाण्यात वेळ फार मोडे, नोकरी करणाऱ्यांच्या मालकांना ते खपत नसे, आणि एकमेकांविषयीचे गैरसमज समोरासमोर बसल्याशिवाय मिटत नसत. मेथडिस्ट चळवळीच्या शिस्तीचा कणा ठरलेली व्यवस्था अशी देणे फेडता फेडता हाती लागली. एकोणिसाव्या शतकात मात्र हे वर्ग हळूहळू उपचारापुरते उरले आणि बऱ्याच ठिकाणी बंद पडले. म्हणजे एकदा चालू झालेला गट आपोआप चालू राहतो, या भ्रमात आपणही राहू नये.

अर्थात वेस्लींनी नवे असे काही शोधले नव्हते. नव्या करारातली मंडळी घरातच जमत होती. प्रिस्का व अक्विला यांच्या घरातली मंडळी, नुंफाच्या घरातली मंडळी, फिलेमोनाच्या घरातली मंडळी असे उल्लेख प्रेषित पौलाच्या पत्रांत आहेत. सीरियातल्या दुरा-युरोपस या ठिकाणी उत्खननात तिसऱ्या शतकातले असे एक घर सापडले आहे. दोन खोल्यांमधली भिंत पाडून तिथे उपासनेची जागा केली होती, आणि तरीही तीत फार तर साठ-सत्तर माणसे मावली असती. म्हणजे त्या काळी वाढलेली मंडळीसुद्धा आपल्या आजच्या शब्बाथशाळेएवढीच असावी.

आपल्या गावाचाही एक धागा इथे जोडता येतो. अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले; वाइल्डर मेमोरियल चर्चमुळे त्यांचे नाव आपल्या तोंडी आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली इथेच, कोल्हापुरात जन्मला. कुटुंब अमेरिकेला परतल्यावर प्रिन्स्टनच्या घरी तो आणि त्याची बहीण ग्रेस असे दोघे मिळून एकाच विषयासाठी प्रार्थना करत असत, की विद्यार्थ्यांमधून परदेशी मिशनरी सेवेसाठी माणसे निघावीत. १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या माउंट हर्मन इथल्या विद्यार्थी शिबिरात शंभर तरुणांनी त्यासाठी आपली नावे दिली, आणि त्यातून स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट उभी राहिली. ते शंभर सर्वांच्या लक्षात राहतात. आधीचे ते दोघे सहसा कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

आता गटाच्या दुखण्यांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे, कारण गट मोडतात ते बहुधा बाहेरच्या विरोधाने नव्हे. पहिले दुखणे जिभेचे. "प्रार्थनेत आठवण ठेवा हं," असे म्हणून सोमवारी सांगितलेली गोष्ट रविवारी चर्चच्या आवारात आपल्या आधी पोहोचलेली असते, आणि असे एकदा घडले की तो माणूस पुन्हा तोंड उघडत नाही; मग त्याच्या प्रार्थनेचे विषय हवामान आणि देशाचे पुढारी एवढेच उरतात. दुसरे दुखणे सोयऱ्याधायऱ्यांचे. एका गावचे, एका बोर्डिंगात वाढलेले, एकमेकांचे व्याही असे लोक एकत्र आले की गप्पा रंगतात, आणि गडहिंग्लजहून बदलून आलेला एकटा शिक्षक दाराजवळच्या खुर्चीवर हसऱ्या चेहऱ्याने बसून राहतो. तो तीनदा येतो. चौथ्यांदा येत नाही, आणि त्याचा उरलेला कप कुणाला दिसत नाही.

तिसरे दुखणे ताटाचे, आणि ते पौलाच्या काळच्या करिंथ शहराइतके जुने आहे. तिथल्या मंडळीत प्रभुभोजनासाठी जमल्यावर सुखवस्तू लोक आपापले जेवण आधीच उरकत आणि उशिरा येणारे गरीब उपाशी राहत, याबद्दल पौलाने अतिशय कडक शब्द वापरले आहेत. आपल्याकडे त्याने उलटे रूप घेतले आहे. पहिल्या घरी चहा-बिस्किटे झाली, दुसऱ्या घरी पोहे, तिसऱ्या घरी शिरा, आणि पाचव्या घरी समोसे नि आइस्क्रीम; सहाव्या घराची पाळी आली की त्या घरातल्या बाईंना नेमका ताप येतो. ताप खरा नसतो हे आपल्याला कळायला हवे होते. मंडळी तोडण्याचे काम शिऱ्यानेही होते.

आमच्या गटात असे तीन महिने गेल्यावर सिस्टरांनीच नियम घालून दिला की फक्त चहा, सोबत काहीही नाही, अगदी वाढदिवस असला तरी नाही. त्यानंतरच्या सोमवारी त्या सहाव्या घरी बैठक झाली. एकच खोली होती. कॉट भिंतीला उभी करून सतरंजी अंथरलेली होती आणि चपला बाहेर जिन्याच्या पायऱ्यांवर ओळीने लागल्या होत्या. घरात कप सहाच होते. त्यामुळे पहिल्या सहा जणांचा चहा होईपर्यंत उरलेल्या पाच जणांनी स्तोत्र वाचले, मग कप विसळून दुसरी फेरी झाली आणि ज्यांचा चहा झाला होता त्यांनी ते पुढे वाचले. मोल्डर दुसऱ्या फेरीत होते. कप घेताना त्यांच्या नखांत काळी वाळू होती.