अद्भुताची उधारी

(सांगलीतल्या एका वाचनालयात वाचकांसमोर केलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार.

बोलावताना मला एक अट घातली गेली. ‘सर, आवडली-नावडलीच्या पुढं जाऊन बोला. आमच्या वाचकांनाच फँटसी, म्हणजे अद्भुत जगातल्या, कादंबऱ्यांचं परीक्षण करून गुण द्यायचेत.’ अट मला पटली. कारण अशा कादंबरीवर आपल्याकडं जे काही बोललं जातं, ते बहुतेक वेळा एका वाक्यात संपतं: ‘काय जग उभं केलंय!’ चार राज्यं, सात घराणी, स्वतंत्र लिपी, पहिल्या पानावर नकाशा आणि शेवटी वंशावळ. वाचक हरखून जातो. जग उभं करायला कष्ट पडतात, ते मी नाकारत नाही. पण ती मेहनत कोशकाराची. त्या जगात गोष्ट घडली का, आणि ती सांगता आली का, हे परीक्षकानं बघायचं असतं.

आता सांगलीत उभं राहून अद्भुताबद्दल बोलायचं आणि विष्णुदास भाव्यांचं नाव घ्यायचं नाही, असं कसं चालेल? १८४३ साली सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं इथं त्यांचं ‘सीतास्वयंवर’ हे नाटक झालं. सूत्रधार पदं म्हणायचा, पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी करायची, राक्षस आला की आरडाओरडा आणि तलवारींचा खणखणाट. पुढं शिकल्यासवरल्या मंडळींनी या नाटकांना ‘अललडुर्र’ म्हणून नाकं मुरडली. मुरडू द्या. पण भाव्यांना एक मोठी सोय होती. रावण कोण, हे प्रेक्षकांना सांगावं लागत नव्हतं. स्वर्ग, पाताळ, वर, शाप हे सगळं जग लोक घरूनच डोक्यात घेऊन यायचे.

फँटसी लिहिणाऱ्याला ही सोय नाही. त्याचा राक्षस कोण, तो कशाला भितो, कशानं मरतो, हे सगळं त्यानंच सांगायचं. बरं, सांगताना गोष्ट थांबूही द्यायची नाही. निम्म्या कादंबऱ्या इथंच आडव्या होतात. पहिली चाळीस पानं कुणीतरी म्हातारा ऋषी राज्याचा इतिहास सांगत बसलेला असतो आणि नायक ‘मग पुढं काय झालं, गुरुदेव?’ एवढंच विचारत असतो. (हसता आहात, म्हणजे वाचलेल्या दिसतात.)

म्हाताऱ्यानं इतिहास सांगायला माझी हरकत नाही. इंग्रज लेखक टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या फँटसी कादंबरीत दुसऱ्याच प्रकरणात हेच घडतं. गँडाल्फ नावाचा जादूगार फ्रोडो या नायकाच्या घरी बसून एका अंगठीचा हजारो वर्षांचा इतिहास सांगतो. प्रकरण लांबलचक आहे, तरी कंटाळा येत नाही. का? गँडाल्फ ती साधी दिसणारी अंगठी उचलतो आणि शेगडीच्या विस्तवात टाकतो. फ्रोडो ओरडतो. अंगठी साधी तापतसुद्धा नाही, पण तिच्यावर आगीसारखी अक्षरं उमटतात. तिथून पुढं तो इतिहास पुस्तकी राहत नाही. ती अंगठी फ्रोडोच्या खिशात आहे, शत्रूला त्याचं नाव कळलेलं आहे, आणि प्रकरण संपायच्या आत त्याला घर सोडायचं ठरवावं लागतं. माहितीनं कुणाचा तरी निर्णय बदलला. परीक्षण करताना हे करून बघा: माहितीचा एखादा परिच्छेद बोटानं झाका आणि विचारा, हा नसता तर पात्रानं वेगळं काही केलं असतं का? उत्तर ‘नाही’ आलं, तर तो परिच्छेद लेखकाच्या वहीत राहायला हवा होता.

आता जादू. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते कथनाची खरी परीक्षा इथं होते, आणि तिचं सगळ्यात भक्कम उदाहरण आपल्या घरात आहे.

महाभारताच्या वनपर्वात इंद्र ब्राह्मणाच्या वेशात येऊन कर्णाची कवचकुंडलं मागतो. कर्णाला सूर्यानं आधीच सावध केलेलं असतं, तरी तो देतो. फक्त बदल्यात अमोघ शक्ती मागून घेतो. इंद्र ती देतो, पण अटीवर: एकाच शत्रूला मारेल आणि माझ्याकडं परत येईल. कथनकार म्हणून बघा, व्यासांनी इथं वाचकाच्या हातात काय काय दिलं. एक अस्त्र दिलं, त्याची मर्यादा दिली, त्याची जबर किंमत आधीच वसूल केली, आणि ते कुणासाठी राखलंय तेही सांगून टाकलं. मग विराटपर्व, उद्योगपर्व, भीष्मपर्व आपण ही गोष्ट मनात धरून वाचतो. अर्जुन आणि कर्ण समोरासमोर आले की पोटात गोळा येतो.

आणि द्रोणपर्वात काय होतं? जयद्रथवधाच्या दिवशी रात्र पडली तरी युद्ध थांबत नाही, मशाली पेटवून लढतात. रात्री घटोत्कचाचं बळ वाढतं, कौरवसेनेची दाणादाण उडते, आणि सगळे कर्णाला ओरडून सांगतात, टाक ती शक्ती, नाहीतर पहाट बघायला कुणी उरत नाही. कर्ण ती टाकतो. घटोत्कच मरतो, मरतानाही देह प्रचंड वाढवून कौरवांच्या सैन्यावर कोसळतो. पांडव रडताहेत आणि कृष्ण आनंदानं अर्जुनाला मिठी मारतो आहे. अर्जुन चक्रावतो. कृष्ण सांगतो, आज कर्ण मेल्यातच जमा आहे.

मला यात अस्त्राच्या लखलखाटाचं काही वाटत नाही. कर्णाला दुसरा मार्गच उरत नाही, हे बांधकाम मला थोर वाटतं. आणि पुढचा तपशील तर खास परीक्षकांसाठी. कुठलाही चौकस वाचक विचारेल, की एवढे दिवस युद्ध चाललं होतं, तर कर्णानं ती आधीच अर्जुनावर का टाकली नाही? हा प्रश्न महाभारतात धृतराष्ट्रच संजयाला विचारतो! संजय सांगतो, रोज रात्री आमचं ठरायचं आणि सकाळी विसर पडायचा. कृष्णही सांगतो की मीच कर्णाला मोहात ठेवत होतो. उत्तर तुम्हाला पटो न पटो. पण वाचकाच्या मनात प्रश्न येणार हे कथनकारानं ओळखलं आणि तो पात्राच्या तोंडी घातला.

आपल्या हळदपेठेतल्या व्यापाऱ्यासारखं करा. वही उघडा आणि लेखकानं अद्भुताच्या नावावर काय काय उधार उचललं, ते डाव्या बाजूला लिहून ठेवा. शाप, वर, भविष्यवाणी, जादूची तलवार, ऐनवेळी मदतीला आलेला पक्षी, सगळं. मग शेवटाला बघा, उधारी फेडली कुणी आणि कशानं. आयत्या वेळी नवीनच मंत्र आठवला आणि शत्रू भस्म झाला, तर लेखकानं दुसऱ्याच्या पैशानं खातं बंद केलं.

टॉल्किनच्या खात्यात एक बाकी बरेच जण दाखवतात: ते महागरुड. गँडाल्फला ते मनोऱ्यावरून सोडवून नेतात, शेवटी फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम यांनाही उचलून आणतात. मग अग्निपर्वतात टाकून नष्ट करायची ती अंगठीच घेऊन का नाही गेले? शंका रास्त आहे, आणि व्यासांनी केलं तसं हा प्रश्न स्पष्ट विचारून निकालात काढायला हवा होता. मी गुण कापीन, पण थोडेच. कारण गरुड फ्रोडोला न्यायला येतात तोपर्यंत मुख्य निकाल लागून गेलेला असतो.

तो निकाल कसा लागतो हे बघण्यासारखं आहे. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांनी मिनिटभर कान झाका. एवढा प्रवास करून फ्रोडो अग्निपर्वताच्या कड्यावर पोहोचतो आणि ऐनवेळी त्याला अंगठी टाकवत नाही. ती माझी म्हणतो. नायक हरतो! मग मागोमाग आलेला गॉलम, म्हणजे त्या अंगठीचा जुना धनी, झडप घालतो, बोटासकट अंगठी चावून तोडतो आणि नाचता नाचता तोल जाऊन तिच्यासकट खाली पडतो. हा योगायोग का वाटत नाही? कारण गॉलम जिवंत आहे तो दयेमुळं. पूर्वी फ्रोडोच्या आधी अंगठी बाळगणाऱ्या बिल्बोला त्याला मारायची संधी होती, त्यानं मारलं नाही. शेगडीजवळच्या त्या दुसऱ्या प्रकरणात फ्रोडो चिडून म्हणतो, तेव्हाच मारायला हवं होतं. आणि गँडाल्फ त्याला थांबवतो. पुढं फ्रोडोलाही तीच संधी मिळते, आणि तोही मारत नाही. जादूनं काही सुटलं नाही. सुटलं ते माणसांनी आधी केलेल्या वागण्यानं.

बिल्बोची ती गोष्ट ‘द हॉबिट’ या आधीच्या पुस्तकातली, १९३७ची. त्या पहिल्या आवृत्तीत गॉलम कोड्यांच्या पैजेत हरल्यावर अंगठी बक्षीस म्हणून द्यायला राजी असतो! मोठ्या कादंबरीतल्या अंगठीशी हे जुळेना. म्हणून टॉल्किननं ते प्रकरण बदललं आणि बदललेला मजकूर १९५१च्या आवृत्तीत आला. मोठी कादंबरी १९५४-५५ला बाहेर पडली. मालिका लिहिणाऱ्या तरुण मित्रांनी हे लक्षात घ्यावं. ॲपवर रोज एक भाग टाकायचा आणि साठाव्या भागात अडकलं की नवीन शक्ती शोधून काढायची, यापेक्षा मागं जाऊन दुसरा भाग नीट करणं केव्हाही बरं.

लांबीबद्दल थोडक्यात. तीन खंड हवेतच असा एक समज झालाय. टॉल्किननं एकच कादंबरी लिहिली होती. युद्धानंतर कागद महाग होता म्हणून प्रकाशकानं ती तीन खंडांत काढली. तुमच्या गोष्टीला एक खंड पुरत असेल तर एकच लिहा.

पण लांबी कशी वापरावी, हे मात्र त्याच्याकडून शिकावं. दुसऱ्या खंडाच्या शेवटी फ्रोडो शत्रूच्या हाती लागतो. लेखक आपल्याला तिथं सोडतो आणि दुसऱ्या मंडळींच्या मागं जातो: वेढा, लढाई, राजाचं आगमन. फ्रोडोचा पत्ता नाही. मग काळ्या दरवाज्यासमोर शत्रूचा दूत येतो आणि एक चिलखत काढून दाखवतो. ते फ्रोडोचं असतं. त्या क्षणी गँडाल्फला जेवढं माहीत आहे तेवढंच आपल्याला, आणि म्हणून धस्स होतं. हेच आळीपाळीनं सांगितलं असतं, एक प्रसंग इकडचा, एक तिकडचा, तर आपण म्हणालो असतो, घाबरू नका हो, तो सुटलाय. काय सांगायचं यापेक्षा केव्हा सांगायचं, यावर तिथं सगळं अवलंबून आहे. हल्लीच्या बऱ्याच कादंबऱ्या पडद्यावरच्या मालिकेसारख्या दर चार पानांनी कॅमेरा फिरवतात. वेग येतो, धास्ती जाते.

आणि माणसं खातात काय, हे जरूर बघा. थट्टा नाही. सॅम घरून स्वयंपाकाची भांडी घेऊन निघतो, वाटेत सशाचं कालवण करतो. शेवटी शत्रूच्या ओसाड मुलखात ओझं पेलवेना म्हणून तीच भांडी तो दरीत टाकून देतो, आणि त्यांचा खणखणाट त्याच्या काळजाला लागतो. लढायांची कैक पानं माझ्या डोक्यातून गेली, ती भांडी गेली नाहीत. आपण माणदेशाच्या शेजारी राहतो. पाण्याच्या घागरीसाठी मैलभर चालणं काय असतं, हे इथल्या लेखकाला कुणी शिकवायला नको. तरी आपल्या कादंबऱ्यांत नायक वाळवंट ओलांडतो आणि त्याला तहान लागत नाही.

भाषेचंही तसंच. ‘हे नराधमा, तुझा अंत समीप आला आहे’ हे एकदा चालतं. तीनशे पानं सगळेच, अगदी घोड्याला खरारा करणारा मोतद्दारसुद्धा, असं बोलायला लागले की कोण बोलतंय तेच कळेनासं होतं. राजा वेगळा बोलू दे, मोतद्दार वेगळा. कडेगावचा माणूस आणि मिरजेचा माणूस आपण दोन वाक्यांत ओळखतो की.

मागच्या रांगेतून चिठ्ठी आलीय: ‘मालिका अपूर्ण असेल तर परीक्षण कसं करायचं?’ प्रश्न खरा आहे. जॉर्ज मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या गाजलेल्या कादंबरी-मालिकेचा पहिला खंड १९९६चा, पाचवा २०११चा. पुढच्याची वाचक अजून वाट बघताहेत. तिथं अख्ख्या मालिकेवर निकाल देता येत नाही, देऊही नका. हातातल्या खंडापुरतं बोला. या खंडानं सुरुवातीला जो प्रश्न उभा केला, त्यातला काही भाग तरी इथं सुटला का? एखादं पात्र आत शिरलं तसंच बाहेर पडलं, की त्याला काही गमवावं लागलं? पाचशे पानांनंतर फक्त ‘पुढील भागात’ हाती येत असेल, तर बेधडक गुण कापा आणि का कापले ते चिठ्ठीवर लिहा. लेखकाला त्या गुणांपेक्षा ती चिठ्ठी जास्त उपयोगी पडेल.