ब्रोमीनचे ४५ न्यूट्रॉन

[दृश्य: तोंड वितळवून बंद केलेली काचेची कुपी. तळाशी गडद तपकिरी द्रव, वर त्याच रंगाची विरळ वाफ.]

२५ अंश सेल्सिअसला द्रव असणारी मूलद्रव्यं दोनच. एक पारा आणि दुसरं या कुपीतलं ब्रोमीन. कुपी तिरकी केली की तळाचा जड द्रव काचेवरून ओघळतो आणि मागे लालसर डाग उरतो. क्षणभरात तोही वाफ होऊन जातो.

यातल्या एका अणूत कण किती, ते काढू. आवर्तसारणीत ब्रोमीनच्या चौकटीत दोन आकडे असतात. ३५ हा अणुअंक आणि ७९.९० हे अणुवस्तुमान. शाळेतली रीत सगळ्यांना पाठ असते. प्रोटॉन ३५. अणूवर एकूण प्रभार नाही, म्हणून इलेक्ट्रॉनही ३५. आणि ७९.९० म्हणजे जवळपास ८०, त्यातून ३५ गेले, उरले ४५ न्यूट्रॉन.

वजाबाकी चोख आहे. तरीही निसर्गात मिळणाऱ्या ब्रोमीनमध्ये ४५ न्यूट्रॉनवाला अणू नसतो.

मग चुकलं कुठे? ते कळायला प्रत्येक आकडा आला कुठून, हे पाहावं लागतं.

[दृश्य: आवर्तसारणी. कोबाल्ट आणि निकेलच्या चौकटी उजळतात.]

आधी ३५. हा आकडा पक्का आहे, पण तो कायम तसा नव्हता. १९१३ पर्यंत अणुअंक म्हणजे बहुतेकांच्या लेखी यादीतला अनुक्रमांक. मूलद्रव्यं वजनाच्या चढत्या क्रमानं लावायची आणि ओळीनं आकडे द्यायचे. काही ठिकाणी ही यादी अडायची. कोबाल्टचं अणुवस्तुमान ५८.९३, निकेलचं ५८.६९. वजनानं पाहिलं तर निकेल आधी, रासायनिक गुणधर्मांनी पाहिलं तर कोबाल्ट.

हा गुंता सोडवला हेन्री मोझली या पंचविशीतल्या तरुणानं. मँचेस्टरला रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत त्यानं एक सुरेख मांडणी केली. निर्वात नळीत एक छोटी गाडी, तिच्यावर वेगवेगळ्या मूलद्रव्यांचे तुकडे. नळी न उघडता रेशमी दोऱ्यानं गाडी ओढायची, हवा तो तुकडा समोर आणायचा, त्याच्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करायचा आणि बाहेर पडणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारिता मोजायची.

त्या वारंवारितांची वर्गमुळं काढल्यावर चित्र स्पष्ट झालं. एका मूलद्रव्यावरून पुढच्यावर जाताना वर्गमूळ दर वेळी सारख्याच अंतरानं वाढत होतं. म्हणजे अणुकेंद्रकात काहीतरी नेमकं एकेकानं वाढत होतं, आणि ते होतं धनप्रभाराचं एकक. कोबाल्ट २७, निकेल २८. वाद मिटला. पुढे मोझलीनं हीच मोजणी सोन्यापर्यंत, म्हणजे ७९ पर्यंत नेली, तेव्हा मधल्या काही पायऱ्या रिकाम्या निघाल्या. त्यांत ४३, ६१ आणि ७५ होत्या. हाती न आलेली मूलद्रव्यं आता आकड्यानिशी शोधता येणार होती. ७५ व्या जागेवर १९२५ मध्ये रेनियम आलं, ४३ वर १९३७ मध्ये टेक्नेशियम, ६१ वर १९४५ मध्ये प्रोमेथियम.

यातलं काहीच मोझलीला पाहायला मिळालं नाही. १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या लढाईत तो मारला गेला. वय २७. इतक्या थोड्या काळात इतकं पायाभूत काम करून गेलेला दुसरा प्रयोगकर्ता मला तरी आठवत नाही.

तर प्रोटॉनांचा आकडा हीच मूलद्रव्याची ओळख. ३५ प्रोटॉन असतील तर ब्रोमीन, एक जरी कमी-जास्त झाला तरी ते ब्रोमीन राहत नाही.

[दृश्य: फोटोच्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर शेजारी शेजारी दोन रेषा.]

आता ७९.९०. घोळ आहे तो इथे.

१९१९ मध्ये केंब्रिजला फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी वस्तुमान वर्णपटलेखक उभा केला. अणूंना प्रभार द्यायचा, विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रातून त्यांना वळवायचं आणि फोटोच्या काचेवर आदळू द्यायचं. वस्तुमानानुसार ते वेगवेगळ्या जागी पडतात. क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.४५ च्या आसपास, हे रसायनशास्त्रज्ञांना केव्हाचं ठाऊक होतं. पण काचेवर ३५.४५ च्या जागी काहीच उमटलं नाही. रेषा उमटल्या ३५ वर आणि ३७ वर. ब्रोमीनच्या रेषा ७९ आणि ८१ वर, जवळजवळ सारख्याच ठळक. ८० ची जागा मोकळी.

वर्गात निम्म्या मुलांना ४० आणि निम्म्यांना ६० गुण पडले तर सरासरी ५० येते, पण ५० गुणांचा पेपर गठ्ठ्यात सापडत नाही. आवर्तसारणीतलं अणुवस्तुमान हे अशीच सरासरी असते. न्यूट्रॉन काढायला हवा असतो अणुवस्तुमानांक, म्हणजे एकाच अणूतल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांची बेरीज, आणि तो नेहमी पूर्णांक असतो. त्यामुळे ‘ब्रोमीनमध्ये किती न्यूट्रॉन?’ हा प्रश्न अर्धवट आहे. प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन वेगळे, असे एकाच मूलद्रव्याचे अणू म्हणजे समस्थानिकं. कुठल्या समस्थानिकात, ते सांगावं लागतं. ब्रोमीन-७९ मध्ये ७९ वजा ३५, म्हणजे ४४. ब्रोमीन-८१ मध्ये ४६.

सोडियमच्या बाबतीत २२.९९ चे २३ केले तरी उत्तर बरोबर येतं, कारण निसर्गात सोडियमचं स्थिर समस्थानिक एकच. ११ प्रोटॉन, १२ न्यूट्रॉन. फ्लोरीन, अ‍ॅल्युमिनियम, सोनं यांचंही तसंच. म्हणून पाठ्यपुस्तकातली सोपी उदाहरणं सुटतात आणि रीत खरी वाटू लागते. तांब्यापाशी ती पुन्हा फसते. ६३.५५ चे ६४ होतात, पण तांबं असतं ६३ आणि ६५ चं. चांदी १०७.८७, म्हणून १०८ धरावं तर चांदी १०७ आणि १०९ ची.

हा योगायोग नव्हे. ब्रोमीन-८० मध्ये ३५ प्रोटॉन, ४५ न्यूट्रॉन. तांबं-६४ मध्ये २९ आणि ३५. चांदी-१०८ मध्ये ४७ आणि ६१. सगळे आकडे विषम. प्रोटॉन प्रोटॉनाशी आणि न्यूट्रॉन न्यूट्रॉनाशी जोडी करून राहतो. दोन्हीकडे एकेक कण एकटा उरला की अणुकेंद्रक सहसा अस्थिर होतं. हलक्या अणूंत ड्युटेरियम (एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन असलेला हायड्रोजन), लिथियम-६, बोरॉन-१० आणि नायट्रोजन-१४ एवढेच याला अपवाद. ब्रोमीन-८० प्रयोगशाळेत करता येतं, पण त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू बदलून जायला लागणारा वेळ, सुमारे १८ मिनिटं. बहुतेक अणूंत एका न्यूट्रॉनाचा प्रोटॉन होतो, ३५ आणि ४५ चे ३६ आणि ४४ होतात. बेरीज तीच ८०, पण मूलद्रव्य बदललेलं. आता ते क्रिप्टॉन.

[दृश्य: चार गोल शेजारी शेजारी, मोठ्याकडून लहानाकडे.]

इलेक्ट्रॉनांचा हिशोब सोपा, फक्त प्रभाराचं चिन्ह नीट वाचायचं. उदासीन अणूत प्रोटॉन तितके इलेक्ट्रॉन. आयन म्हणजे प्रभार असलेला अणू. त्याच्यावर तीन धनप्रभार म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गेलेले, त्यामुळे लोखंडाचे २६ उरतात २३. ऋणप्रभार म्हणजे इलेक्ट्रॉन वाढलेले. अधिकचं चिन्ह पाहून बेरीज करण्याची चूक फार जण करतात. अणुकेंद्रकाला मात्र यात कुणीच हात लावत नाही.

म्हणूनच इलेक्ट्रॉन मोजून मूलद्रव्य ओळखता येत नाही. सल्फाइड (गंधकाचा आयन), क्लोराइड (क्लोरीनचा), पोटॅशियम आणि कॅल्शियम या चारही आयनांत इलेक्ट्रॉन १८ च. प्रोटॉन मात्र अनुक्रमे १६, १७, १९ आणि २०. तेवढ्याच १८ इलेक्ट्रॉनांना २० प्रोटॉन जास्त जोरानं आत ओढतात, म्हणून चौघांत कॅल्शियमचा आयन सर्वांत लहान आणि सल्फाइडचा सर्वांत मोठा.