पडद्यावरचे काम आणि जागेवरचे काम

मित्रहो, यंत्रे किती नोकऱ्या खाणार, या प्रश्नावर मी आज बोलणार नाही. तो आकडा सांगणारे पुष्कळ आहेत. दर सहा महिन्यांनी ते नवा आकडा सांगतात आणि जुन्या आकड्याचे काय झाले हे त्यांना कोणी विचारत नाही. तेव्हा निदान त्यांचा व्यवसाय तरी यंत्रांपासून सुरक्षित आहे असे समजायला हरकत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. यंत्र आल्यानंतर जो माणूस कामावर राहतो, त्याच्या वाट्याला नेमके कोणते काम उरते? माझे म्हणणे असे, की त्याच्या कामातून जागेवर जाऊन पाहणे काढून घेतले जात आहे आणि जे त्याने पाहिलेच नाही त्याची जबाबदारी मात्र त्याच्या नावावर ठेवली जात आहे. हे पटवून देण्यासाठी मला चाळीस मिनिटे मिळाली आहेत. त्यांतील बराच वेळ एका दिव्यावर जाणार, हे ज्यांनी मला पूर्वी ऐकले आहे त्यांना ठाऊकच आहे.

हा दिवा अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या संचाच्या नियंत्रण कक्षात होता. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे चारच्या सुमारास तिथे वाफ तयार करणाऱ्या बाष्पजनित्रांना पाणी पुरवणारे पंप बंद पडले. पुढचे सगळे यंत्रणेने आपोआप केले. टर्बाइन थांबले, अणुभट्टीतील दाब वाढला, तो सोडण्यासाठी वरची झडप उघडली, अणुभट्टी बंद झाली आणि दाब उतरल्यावर झडपेला बंद होण्याचा संकेत गेला. पटलावरचा दिवा विझला. झडप मात्र उघडीच अडकून राहिली. गोम अशी होती, की तो दिवा झडपेच्या स्थितीला जोडलेलाच नव्हता. तो जोडलेला होता तिच्याकडे जाणाऱ्या विद्युत संकेताला. ‘बंद हो असे सांगून झाले आहे’, एवढेच तो सांगत होता आणि त्याच्या परीने खरे सांगत होता. समोर उभी असलेली माणसे ‘झडप बंद झाली’ असे वाचत होती. त्यांच्या जागी तुम्हीआम्ही असतो तरी आपणही तेच वाचले असते.

पहिल्या काही मिनिटांत शंभराहून अधिक अलार्म वाजले. अलार्मची नोंद छापणारा प्रिंटर इतका मागे पडला, की त्यातून बाहेर येणारा कागद बातमी न राहता इतिहास झाला. आणखी एक तपशील मला फार आवडतो, म्हणजे आवडू नये असाच तो आहे. आणीबाणीच्या पंपांचे पाणी ज्या दोन झडपांतून जायचे त्या बंद राहिल्या होत्या, आणि त्यांपैकी एकीचा दिवा देखभालीच्या पिवळ्या चिठ्ठीखाली झाकला गेला होता. त्या झडपा सापडायला आठ मिनिटे लागली. उघड्या अडकलेल्या मुख्य झडपेतून बाहेर पडणारे पाणी ज्या टाकीत जमा होत होते, तिचा दाबमापक नियंत्रण पटलाच्या मागच्या बाजूला होता, म्हणजे तो पाहायला वळसा घालून जावे लागे. झडपेपलीकडच्या नळीचे तापमान वाढलेले दिसत होते. पण ती झडप आधीपासूनच थोडी गळत असल्यामुळे तिथे तापमान जास्तच असायचे, म्हणून त्याकडे कोणी विशेष लक्ष दिले नाही. उलट एका मापकावर पाण्याची पातळी जास्त दिसली म्हणून आणीबाणीचे शीतजलच कमी करण्यात आले. सव्वादोन तासांहून अधिक काळ हे असे चालले. मग पुढच्या पाळीसाठी आलेल्या एका माणसाने त्या नळीचे तापमान पाहिले, त्याला शंका आली, आणि त्याच मार्गावरची दुसरी झडप बंद करण्यात आली. गळती थांबली. तोवर भट्टीच्या गाभ्याचे, म्हणजे जिथे इंधन असते त्या भागाचे, व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. जवळपास निम्मा गाभा वितळला होता, हे पुढे काही वर्षांनी कळले.

या अपघाताची चौकशी करणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष जॉन केमेनी हे गणितज्ञ होते. ‘बेसिक’ ही संगणकभाषा निर्माण करणाऱ्या दोघांपैकी ते एक. तुमच्यापैकी ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्यांनी ती शिकली असेल, आणि ज्यांचे काळे आहेत त्यांनी माझ्या भाषणानंतर शिकण्याची गरज नाही. असो. त्या आयोगाने कामगारांच्या चुका लपवल्या नाहीत. पण प्रशिक्षण, कार्यपद्धती आणि नियंत्रण कक्षाची रचना यांतील दोषांनी त्या चुकांना वाट करून दिली, हे त्याने स्वच्छ शब्दांत मांडले.

इथे कोणीतरी नेहमी विचारते, की अणुभट्टीच्या इमारतीत जाऊन झडप कोण बघणार होते? कोणीच नाही, आणि जाऊही नये. मी जागेवर जाणे म्हणतो त्याचा अर्थ पायांनी चालणे एवढाच नाही. दिलेल्या आज्ञेवर विसंबून न राहता तिच्या परिणामाची दुसरी, स्वतंत्र खूण शोधणे हे ते काम आहे. त्या पाळीवर आलेल्या माणसाने नळीच्या तापमानात ती खूण शोधली. ते काम त्याच्या नोकरीच्या वर्णनात कोणत्या शब्दांत लिहिले होते, मला माहीत नाही. आजच्या पद्धतीने लिहिले असते तर ‘देखरेख’ असे लिहिले असते आणि पगार त्या मानाने ठरवला असता.

आता माझे स्वतःचे एक गाऱ्हाणे ऐका. माझ्या घरचा दूरध्वनी आणि इंटरनेट दोन्ही बंद पडले. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण सर्वांनाच आपापली कंपनी आठवली आहे हे मला चेहऱ्यांवर दिसते. मी तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर निरोप आला, की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, कृपया आमच्या सेवेला तारे द्या. तार मेलेली, आणि मागणी ताऱ्यांची. मी पुन्हा तक्रार केली, पुन्हा ती सुटली. अखेर आकडे दाबत दाबत एका जिवंत माणसापर्यंत पोहोचलो. तो मुलगा अतिशय नम्र होता. तो म्हणाला, ‘‘सर, माझ्या स्क्रीनवर तर क्लोज दाखवतंय.’’ मी म्हणालो, ‘‘अहो, मी या बंद तारेजवळच बसलो आहे.’’ तो म्हणाला, ‘‘हो सर, पण क्लोज झालेली तक्रार मला उघडता येत नाही. तुम्ही नवीन नोंदवा.’’ त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. तक्रार कुणाकडे तरी पाठवली गेली की ठरावीक तासांनी ती आपोआप ‘सोडवलेली’ होते, अशी तिथे व्यवस्था असावी. म्हणजे पुन्हा तोच दिवा. फरक इतकाच, की थ्री माइल आयलंडच्या माणसांना मागे जाऊन मापक पाहण्याची मुभा तरी होती. या मुलाला माझे म्हणणे खरे वाटत असूनही ते खरे धरण्याचा अधिकार नव्हता. दिवसभर माफी मागणे एवढेच मानवी काम त्याच्यासाठी शिल्लक ठेवले होते.

मी आयुष्यभर रासायनिक कारखान्यांच्या नियंत्रण कक्षांत काम केले, म्हणून हे मला जास्त बोचते. सुरुवातीच्या काळात प्रत्येक पाळीत ठरलेल्या वेळी ऑपरेटर प्लांटमध्ये राउंड मारत असे. पंपाजवळ तो थांबे, खिशातला लांब स्क्रूड्रायव्हर काढी, त्याचे टोक बेअरिंगच्या घरावर टेके आणि मूठ कानामागच्या हाडाला लावी. आत घरघर आहे की खरखर, हे त्याला त्यावरून कळे. ही कला मी शिकण्याचा प्रयत्न केला. मला बराच काळ फक्त पंप चालू आहे एवढेच ऐकू येत असे. पुढे बेअरिंगवर कंपन मोजणारे सेन्सर आले, आणि मी प्रांजळपणे सांगतो, की बेअरिंग बिघडू लागल्याचे ते कानापेक्षा लवकर सांगतात. त्यांच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. मग कुणीतरी हिशेब मांडला, की सगळे पडद्यावर दिसत असताना राउंडवर माणूस कशाला घालवायचा? राउंड कमी झाले. पण राउंडवर गेलेला माणूस फक्त बेअरिंग ऐकत नव्हता. नळ्यांच्या जोडाखाली, म्हणजे फ्लँजखाली, साचलेले तेलाचे थारोळे, लोंबणारे इन्सुलेशन, कुणीतरी झडपेला दोरीने बांधून ठेवलेले हँडल, कंत्राटदाराने वाटेत सोडलेली शिडी, हे सगळे त्याच्या नजरेस पडत असे. सेन्सर ज्या प्रश्नासाठी बसवला त्याच प्रश्नाचे उत्तर देतो. शिडीसाठी सेन्सर कोणी बसवलेला नसतो.

राउंड गेल्यावर त्या माणसाला पडद्यासमोर बसवले आणि लक्ष ठेवायला सांगितले. माणसाला नेमके हेच जमत नाही. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग याच प्रश्नावर होते. युद्धकाळात रडारसमोर बसणाऱ्यांच्या नजरेतून खुणा का निसटतात, यातून ते सुरू झाले. घड्याळासारख्या तबकडीवर एक काटा ठराविक टप्प्यांनी पुढे सरके आणि क्वचित एकदम दुप्पट उडी घेई. ती उडी टिपायची. बसणारे लोक धडधाकट आणि मन लावून काम करणारे होते, तरी पहिल्या अर्ध्या तासानंतर उड्या निसटण्याचे प्रमाण वाढले. तेव्हा बारा तासांच्या पाळीत डोळ्यात तेल घालून पडद्याकडे पाहत राहा, असे सांगणाऱ्या व्यवस्थापकाने आधी स्वतः एखादी दीर्घ बैठक त्या एकाग्रतेने ऐकून दाखवावी.

यावरचे सर्वांत नेमके लेखन लिझॅन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली एका लहानशा शोधनिबंधात केले. त्या म्हणतात, की रचनाकाराला माणूस बेभरवशाचा वाटतो म्हणून तो त्याला यंत्रणेतून वगळू पाहतो, आणि जे यंत्राकडून करून घेणे त्याला जमत नाही ते मात्र त्याच बेभरवशाच्या माणसाकडे सोपवतो. रोजचा हात सुटल्याने त्या माणसाचे कसब मंदावते, आणि त्याला हाक येते ती यंत्राला काही सुचेनासे झाल्यावर, म्हणजे कसबाची सर्वाधिक गरज असताना. म्हणून ज्या यंत्रणेत माणसाला क्वचितच हात घालावा लागतो, तिथे त्याच्या प्रशिक्षणावर जास्त खर्च करावा लागेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. खर्च वाचवण्यासाठी यंत्रे घेणाऱ्यांना हा निष्कर्ष का रुचला नसेल, ते सांगायला नको.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटे’ असे लिहिलेले होते, ते खोडून ‘पाच’ केले आहे. तेव्हा ज्या गोष्टीसाठी मला खरोखर बोलावले, म्हणजे आज काय करावे, ती आता घाईने सांगतो.

पहिली गोष्ट, पडद्यावर ‘सांगितले’ आणि ‘झाले’ यांच्या वेगळ्या खुणा असल्याच पाहिजेत, आणि ज्याचे नुकसान होते त्या माणसाचे म्हणणे हीही एक खूण मानली पाहिजे. ब्रिटनच्या टपाल खात्यात ती मानली गेली नाही. होरायझन या संगणक प्रणालीतील हिशेबावर विसंबून १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक उपडाकपालांना दोषी ठरवण्यात आले. पैसे कमी दिसत होते ते पडद्यावर. त्या प्रणालीत तुटी दाखवू शकणारे दोष होते, हे २०१९ साली न्यायालयाने मान्य केले आणि २०२४ मध्ये शिक्षा रद्द करण्यासाठी कायदा करावा लागला. आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे चोरच नव्हता.

दुसरी गोष्ट, हाताचा सराव कामाच्या वेळेत आणि पगारी झाला पाहिजे. पोलंडमधील चार केंद्रांतील एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याच्या तपासणीत कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत सुरू झाल्यानंतर, त्या मदतीशिवाय केलेल्या तपासण्यांमध्ये किमान एक ग्रंथीयुक्त गाठ, म्हणजे पुढे कर्करोगात बदलू शकणारी गाठ, सापडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आले. करणारे डॉक्टर अनुभवी होते. एका निरीक्षणात्मक अभ्यासावरून सगळ्या वैद्यकाचा निवाडा करू नये, परंतु बेनब्रिजबाईंनी चाळीस वर्षांपूर्वी कारखान्याविषयी जे सांगितले ते आता तपासणीच्या खोलीत शिरले आहे, हे दिसते. मदतीचे यंत्र वाईट आहे असे मी म्हणत नाही. काही दिवस ते बंद ठेवून काम करण्याची सोय वेळापत्रकात करा, असे म्हणतो. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने २०१३ साली विमान कंपन्यांना हेच सुचवले, की परिस्थिती योग्य असेल तेव्हा वैमानिकांना विमान हाताने चालवू द्या.

तिसरी गोष्ट थांबवण्याच्या अधिकाराची. जपानी संशोधक साकिची टोयोडा यांच्या कापड विणणाऱ्या स्वयंचलित मागाची थोरवी मला त्याच्या वेगापेक्षा यात वाटते, की धागा तुटला की तो आपणहून थांबे. त्यामुळे एक कामगार अनेक माग सांभाळू शके, कारण त्याला सगळ्यांकडे टक लावून बसावे लागत नसे. जिथे माग थांबला तिथे जायचे, पाहायचे आणि दुरुस्त करायचे. पुढे त्याच घराण्याच्या टोयोटा मोटार कारखान्यांत दोर आला. जुळणीच्या ओळीवरच्या कामगाराला खोट दिसली की तो दोर ओढतो, प्रमुख त्याच्यापाशी येतो, आणि अडचण सुटली नाही तर ओळ थांबते. मघाच्या त्या नम्र मुलाच्या हातात असा दोर नव्हता. बँकेत कर्जाचा अर्ज यंत्राने नाकारल्याचे सांगणाऱ्या, रुग्णालयात यंत्राने दिलेली वेळ बदलू न शकणाऱ्या माणसाच्या हातातही तो नाही. त्याच्याकडे आहे ती फक्त सही, म्हणजे चौकशी लागली की दाखवायची जागा.

हे सगळे महाग पडेल, असे पहिल्या रांगेतून कोणी कुजबुजले, ते मी ऐकले. कान अजून शाबूत आहेत. पडणारच. यंत्र घेताना वाचणाऱ्या तासांचा जो तक्ता आपण संचालक मंडळापुढे ठेवता, त्यातच राउंडचे तास, सरावाचे तास आणि दोर ओढल्यामुळे वाया जाणारे तास खर्चाच्या बाजूला लिहा. त्यानंतरही यंत्र परवडत असेल, तर खुशाल घ्या. परवडत नसेल, तर त्याची किंमत आजवर कोण भरत होते ते त्या तक्त्यावरून कळेल.