तेल खाणारे जिवाणू मातीतच असतात, मग माती साफ का होत नाही?

नमस्कार मंडळी! हे ढेकूळ जरा जवळून बघा.

(क्लोज-अप: हातात तेलकट, वाळलेलं ढेकूळ)

खनिज तेल, म्हणजे डिझेल-इंजिन ऑइलसारखं तेल, मुरून वाळलेली माती आहे. वर पाण्याचा थेंब सोडतो... बघा, मुरतच नाही, घरंगळून गेला! कणाकणावर तेलाचा थर बसलाय. पाणी आत शिरत नाही आणि हवाही खेळत नाही.

तरीही हिच्यात तेल खाणारे जिवाणू असतात. स्युडोमोनास, ऱ्होडोकॉकस, असिनेटोबॅक्टर ही नेहमी सापडणारी नावं. तेल सांडलं की हेच भराभर वाढायला लागतात.

आता ते खातात कसं, हे बघू. तेल म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्या. जिवाणूचं विकर (एन्झाइम) साखळीच्या टोकाला ऑक्सिजन जोडतं, पुढे तिचं मेदाम्ल होतं आणि मग दोन-दोन कार्बनचे तुकडे पडत जातात. शेवटी उरतं काय? कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि वाढलेले जिवाणू. काही स्युडोमोनास तर ऱ्हॅम्नोलिपिड नावाचा साबणासारखा पदार्थ स्वतःच बनवतात, तेलाचे बारीक थेंब करायला. मला तर हे अफाट वाटतं!

मग अडतं कुठे? नुसत्या तेलावर पेशी वाढत नाही. प्रथिनांसाठी नायट्रोजन हवा, डीएनएसाठी फॉस्फरस हवा, आणि तेलात कार्बन भरमसाट असला तरी या दोघांचा दुष्काळ. म्हणून ठोकताळा असा धरतात: कार्बन १०० भाग, तर नायट्रोजन १० आणि फॉस्फरस १. म्हणजे खत घालायचं, ओलावा राखायचा, माती वरखाली करत राहायची. पाणी मात्र बेतानंच. चिखल झाला की हवा बंद, आणि काम मंदावलंच.

१९८९ साली अलास्काच्या किनाऱ्याजवळ एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून सुमारे ४ कोटी लिटर कच्चं तेल सांडलं. तिथल्या किनाऱ्यांवर खत फवारलं आणि तिथल्याच जिवाणूंचा वेग वाढला. पण गोट्यांखाली, जिथे ऑक्सिजन पोचत नव्हता, तिथे तेल कित्येक वर्षांनंतरही सापडलं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: जिवाणूंची पावडर आणण्याआधी माती तपासा. हवा आणि खत नसेल, तर बाहेरून आणलेले जिवाणूही उपाशीच मरतील. जिथे मूळचे जिवाणू फारच कमी आहेत, तिथे पावडर जरूर वापरा.

आणि सगळंच त्यांच्यावर सोडू नका. डिझेलसारखं हलकं तेल लवकर संपतं, डांबरासारखे जड घटक रेंगाळतात. वापरलेल्या इंजिन ऑइलमधले जड धातू तर कुठलाच जिवाणू पचवून संपवू शकत नाही.

शेवटचं, पण महत्त्वाचं. वास गेला म्हणून काम थांबवू नका. हलके घटक नुसते हवेत उडाले, तरी वास जातोच. ठरावीक दिवसांनी वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने घ्या आणि प्रयोगशाळेतून एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, म्हणजे मातीत अजून किती तेल उरलंय, ते मोजून घ्या. वरच्या थरात आकडा उतरलाय आणि खाली तसाच आहे, असं दिसलं तर नांगर अजून खोल घालावा लागेल.